गर्दीतील निरोप

धाराशिव जिल्ह्यातील, म्हणजे २०२३ पर्यंत कागदोपत्री उस्मानाबाद म्हणविल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील, तुळजापूर हे गाव बालाघाटाच्या डोंगरकडेवर वसलेले आहे. महाराष्ट्रातील पुष्कळशा देवस्थानांकडे चढून जावे लागते. तुळजाभवानीकडे मात्र उतरून जावे लागते. महाद्वारातून आत पाऊल टाकले की पायऱ्या खाली जाऊ लागतात. वाटेत कल्लोळ तीर्थ व गोमुख तीर्थ लागते, पुढे निंबाळकर दरवाजा येतो आणि त्यानंतर देवीचे प्रांगण. शारदीय नवरात्रात व त्यामागून येणाऱ्या आश्विनी पौर्णिमेस सोलापूरकडून आणि कर्नाटकातून लक्षावधी माणसे पायी चालत येथे येतात. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळी मळवट, कडेवर मूल, अशी ती माणसे पायरी पायरीने खाली सरकत असतात.

वर महाद्वाराशी उभ्या असलेल्या मनुष्यास खालच्या दरवाजाशी काय चालले आहे ते दिसत नाही, आणि खालच्या मनुष्यास वर किती लोक येऊन ठेपले आहेत ते कळत नाही. आवाजाची तर तेथे मुळीच वानवा नसते. संबळ वाजत असतो, आराध्यांची गाणी चाललेली असतात, ‘आई राजा उदो उदो’ हा घोष एका टोकास उठून दुसऱ्या टोकास जाऊन मिळतो. परंतु एवढ्या नादात ‘पुढे जागा नाही, जरा थांबा’ हा एक लहानसा निरोप पुढच्या मनुष्याकडून मागच्या मनुष्यास कसा पोहोचावा?

प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. तथापि त्याचा उलगडा करण्यासाठी गेली चाळीस वर्षे जगातील निरनिराळ्या विद्यापीठांतील मंडळी संगणकाच्या पोटात काल्पनिक माणसांचे जमाव भरवीत आली आहेत. ही माणसे प्रथम मुकी व बहिरी होती. पुढे त्यांना डोळे आले, मग स्पर्श आला, आणि सर्वांत शेवटी एकमेकांशी बोलण्याची विद्या आली. ती विद्या त्यांना कशी व का शिकवावी लागली, ह्याचा इतिहास मनोरंजक आहे. आणि यात्राजत्रांच्या ह्या देशात तो केवळ मनोरंजनाचा विषय नाही.

जमावाविषयी विद्वानांनी प्रथम जे लिहिले ते दुरून पाहून लिहिले. गुस्ताव्ह ल बाँ ह्या फ्रेंच लेखकाचा जमावाच्या मानसशास्त्रावरील ग्रंथ १८९५ साली निघाला व युरोपात फार गाजला. मनुष्य जमावात शिरला की त्याची स्वतःची विचारशक्ती मावळते व सर्वांचे मिळून एकच भाबडे, उतावळे मन तयार होते, असे त्याचे मत होते. गच्चीवरून खालच्या मिरवणुकीकडे पाहणाऱ्यास असेच वाटावयाचे! मिरवणुकीत चालणाऱ्यास मात्र आपला भाऊ कोठे, आपल्या चपला कोठे, म्हातारीला पाणी कोठे मिळेल, ह्या विवंचना सोडीत नाहीत. नळदुर्गचा कारभार १८५३ ते १८५७ पर्यंत पाहणारा मेडोज टेलर हा इंग्रज गृहस्थ ह्या बाबतीत ल बाँहून जवळचा साक्षी म्हणावा लागेल. त्याने १८६३ साली ‘तारा’ नावाची कादंबरी लिहिली, तिचा आरंभ तुळजापुरातच होतो. तिच्यातील माणसांना नावे आहेत, नातीगोती आहेत, घरे आहेत.

विसाव्या शतकात विद्वानांनी मानसशास्त्र बाजूस ठेवले व हाती मोजपट्टी घेतली. सिडनी येथील हेंडरसन ह्या संशोधकाने १९७१ साली पायी चालणाऱ्यांचे व खेळणाऱ्या मुलांचे वेग मोजले आणि ते वायूच्या कणांच्या वेगांशी ताडून पाहिले. आश्चर्य असे की दोन्ही हिशेब पुष्कळ अंशी जुळले. त्याच वर्षी जॉन फ्रुइन ह्या अमेरिकन अभियंत्याने पादचाऱ्यांसाठी जागेची आखणी कशी करावी ह्यावर ग्रंथ लिहिला. किती चौरस फुटांत किती माणसे सुखाने चालू शकतात, जिन्यावर किती, दारात किती, ह्याची कोष्टके त्यात आहेत. ही कोष्टके फार उपयोगी ठरली. परंतु वायूच्या कणास कान नसतात. तो पुढच्या कणावर आदळेपर्यंत त्यास पुढे कोणी आहे हेच ठाऊक नसते. मनुष्याच्या जमावाचे गणित ह्या कल्पनेवर फार काळ निभणे शक्य नव्हते.

पहिले डोळे आले ते माणसास नव्हेत, पाखरांस. क्रेग रेनॉल्ड्स नावाच्या अमेरिकन तंत्रज्ञाने १९८७ साली संगणकाच्या पडद्यावर पाखरांचा एक थवा उडवून दाखविला. थव्याला नायक नव्हता व कोठे वळावयाचे हे कोणी आधी लिहून ठेवलेले नव्हते. प्रत्येक पाखराला तीनच नियम दिलेले होते: शेजाऱ्यावर आपटू नये, शेजारी ज्या दिशेस चालले आहेत त्या दिशेस चालावे, आणि शेजाऱ्यांच्या घोळक्यापासून फार दूर जाऊ नये. एवढ्यावर तो थवा खऱ्या पाखरांसारखा वळू लागला, खांब आडवा आला की दुभंगून पुन्हा एक होऊ लागला. संध्याकाळी शेतावरून परतणारे बगळे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ह्याची मौज कळेल. ह्या पाखरांत बोलणे नव्हते. परंतु शेजाऱ्याचे वळणे हाच एक निरोप होता, व तो एकाकडून दुसऱ्याकडे जात थव्याच्या टोकापर्यंत पोहोचत होता. संगणकातील अशा स्वतंत्रपणे वागणाऱ्या प्रत्येक घटकास शास्त्रज्ञ ‘एजंट’ म्हणतात. मराठीत त्यास ‘पात्र’ म्हणणे अधिक बरे, कारण मुनीम आणि दलाल ह्यांची आठवण त्याने होत नाही.

चित्रपटवाल्यांनी ही युक्ती तत्काळ उचलली. न्यूझीलंडच्या स्टीफन रेगेलस ह्याने ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ह्या चित्रत्रयीसाठी (२००१ ते २००३) हजारो आभासी सैनिक तयार केले. त्यांस पाहण्याची, ऐकण्याची व स्पर्श ओळखण्याची शक्ती दिली. एका प्राथमिक चाचणीत काही सैनिक रणांगण सोडून पळत सुटले, आणि ‘यंत्रातील शिपाईसुद्धा भ्याले’ अशी दंतकथा जगभर पसरली. खरी गोष्ट साधी होती. त्या बिचाऱ्यांचे तोंड भलत्या दिशेस होते. समोर शत्रू दिसेना, म्हणून ते शत्रू शोधीत पुढे पुढे धावत राहिले. ‘अरे, लढाई मागे चालली आहे’ असे त्यांस सांगणारा कोणी नव्हता.

माणसांच्या चालण्याचे शास्त्र ह्या सुमारास जर्मनीत आकार घेत होते. डिर्क हेल्बिंग आणि पेटर मोल्नार ह्यांनी १९९५ साली असे मांडले की, चालणाऱ्या मनुष्यावर जणू काही अदृश्य जोर काम करीत असतात. जेथे जावयाचे ते ठिकाण त्यास ओढते, भिंत त्यास दूर लोटते, अनोळखी मनुष्यही दूर लोटतो, ओळखीचा जवळ ओढतो. हे जोर समीकरणांत बसवून त्यांनी आभासी माणसे चालविली, तेव्हा समोरासमोर येणाऱ्या दोन झुंडी कोणी न सांगता आपोआप ओळी धरून एकमेकींतून पार होऊ लागल्या. बाजाराच्या दिवशी कोणत्याही अरुंद बोळात हे दृश्य दिसते.

त्याच हेल्बिंगने दोन सहकाऱ्यांसह १९९७ साली पायवाटांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि तो ह्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. स्टुटगार्ट विद्यापीठाच्या हिरवळीवर विद्यार्थ्यांनी पाडलेल्या वाटा त्यांस दिसल्या. कोणी आखलेल्या नव्हत्या, आणि त्या अगदी सरळही नव्हत्या. प्रत्येक चालणारा गवत थोडे दाबून जातो, मागून येणाऱ्यास ती दबलेली जागा सोयीची वाटते, तो तिकडे किंचित वळतो, वाट आणखी ठळक होते. कालांतराने ती सर्वांच्या सोयीची एक मधली वाट होऊन बसते. बालाघाटाच्या उतारावरील गुराख्यांच्या वाटा ह्याच रीतीने पडलेल्या आहेत. पायवाट म्हणजे कालच्या मनुष्याने उद्याच्या मनुष्यास मातीवर लिहून ठेवलेला निरोप होय. मुंग्या व वाळवी ह्यांचाही व्यवहार असाच असतो. एकीने जागेवर खूण ठेवावी, दुसरीने ती वाचावी. १९५९ साली पिएर ग्रासे ह्या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने वाळवीच्या ह्या रीतीस स्वतंत्र नावच दिले होते. आभासी पात्रांस पुढे जे संभाषण शिकविले गेले त्याचा एक प्रकार हा आहे: तोंडाने काहीही न बोलता जागेवर खूण सोडून जाणे.

येथपर्यंत सारे शांत चालणे झाले. परंतु जमावाचा अभ्यास ज्या कारणाने निकडीचा झाला ते कारण दुःखद आहे.

सातारा जिल्ह्यात वाईजवळ मांढरदेवीच्या डोंगरावर काळूबाईचे देऊळ आहे. २५ जानेवारी २००५ रोजी पौष पौर्णिमेच्या यात्रेत तेथे २९० हून अधिक माणसे मृत्यू पावली. नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या, माणसे घसरून पडली, वरून येणारा व खालून येणारा लोंढा थांबला नाही. मागून दुकानांना आगही लागली. चौकशीसाठी न्यायमूर्ती राजन कोचर ह्यांचा आयोग नेमण्यात आला. त्याच्या दीड वर्ष आधी, २७ ऑगस्ट २००३ रोजी, नाशिकच्या सिंहस्थात रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर ३९ माणसे गेली होती. दोन्ही ठिकाणी उतार आहे, दोन्ही ठिकाणी वाट अरुंद आहे. तुळजापूरच्या पायऱ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ह्या दोन बातम्या वाचताना काय वाटले असेल हे सांगावयास नको.

अशा प्रसंगास इंग्रजीत जो शब्द लावतात तो मूळचा गुरे उधळण्याचा आहे. मराठीतील ‘चेंगराचेंगरी’ हा शब्द त्याहून पुष्कळच यथार्थ आहे. बहुतेक माणसे पायांखाली तुडविली जाऊन मरत नाहीत. ती उभ्याउभ्याच दाबली जातात व छातीला हलावयास जागा न राहिल्यामुळे श्वास कोंडून मरतात. फ्रुइनने १९९३ साली अशा दुर्घटनांची कारणमीमांसा केली. एका चौरस मीटरात सुमारे सात माणसे झाली की जमाव पाण्यासारखा वागू लागतो, त्यातून दाबाच्या लाटा जातात, माणसे जागच्या जागी उचलली जातात, पायांतले जोडे निघून जातात. त्याने कारणे चार सांगितली: जोर, माहिती, जागा आणि वेळ. जोर, जागा व वेळ ही तर कोणीही सांगितली असती. माहिती हे कारण त्याने जोडीला बसविले ही त्याची खरी मर्मदृष्टी. पुढे काय झाले आहे हे मागच्यांस कळत नाही, म्हणून ते पुढे सरकतच राहतात. त्यांच्या मनात दुष्टावा नसतो, वेडही नसते. त्यांस वाटते, रांग चालली आहे.

हज यात्रेच्या वेळी १२ जानेवारी २००६ रोजी मक्केजवळ जमरात पुलाशी तीनशेहून अधिक यात्रेकरू असेच दगावले. तेथे उंचावर चित्रण करणारी यंत्रे बसविलेली होती. हेल्बिंग व त्याच्या सहकाऱ्यांनी ते चित्रण तपासून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रवाह आधी सुरळीत होता. मग तो थांबत थांबत, धक्क्याधक्क्याने चालू लागला. आणि मग चहूदिशांस हेलकावे खाऊ लागला. पहिला बदल अनर्थाच्या सुमारे अर्धा तास आधी चित्रात स्पष्ट दिसतो. म्हणजे निरोप अर्धा तास त्या जमावाच्या माथ्यावर लिहिलेला होता, आणि आतील एकाही मनुष्यास तो वाचता येणे शक्य नव्हते.

दरम्यान हेल्बिंगने इलेश फार्काश आणि तमाश विचेक ह्या दोन हंगेरियन शास्त्रज्ञांसह २००० साली घाबरलेल्या जमावाचा आभासी प्रयोग केला होता. दार एक, माणसे पुष्कळ. जो तो जितकी घाई करी तितका दाराशी तिढा पडे व बाहेर पडावयास एकंदर वेळ अधिक लागे. दुसरा प्रयोग धुराने भरलेल्या खोलीचा होता. दार दिसत नाही. मनुष्याने आपले आपण शोधावे की चार जण जातील तिकडे जावे? केवळ आपल्या मताने चालणारे चाचपडत राहिले. केवळ इतरांमागे जाणारे सारे एकाच दाराशी कोंडले, आणि दुसरे दार रिकामे राहिले. थोडे आपले, थोडे लोकांचे, असे वागणारे सर्वांत अधिक संख्येने सुटले. परंतु ह्याही प्रयोगात ‘लोकांचे’ म्हणजे लोकांचे चालणे एवढेच. कोणी कोणास शब्दाने काही सांगत नव्हते.

तोंड फुटले ते फिलाडेल्फियास. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात नॉर्मन बॅडलर ह्यांच्या प्रयोगशाळेत नुरिया पेलेचानो ह्या संशोधक बाईंनी जे काम केले व २००६ साली बॅडलर ह्यांच्यासह प्रसिद्ध केले, त्यात प्रत्येक आभासी पात्राच्या मनात घराचा एक नकाशा असे. प्रत्येकाचा नकाशा निराळा व अपुरा. एकास पूर्वेकडील चार खोल्या ठाऊक, दुसऱ्यास पश्चिमेकडील. घर चक्रव्यूहासारखे, आणि काही वाटा आगीने बंद. दोन पात्रे एका खोलीत भेटली की आपापले नकाशे एकमेकांस सांगत: ‘त्या बाजूस जाऊ नकोस, वाट बंद आहे, ह्या दाराने गेल्यास जिना लागतो.’ पावसाळ्यात चव्हाट्यावर भेटलेली दोन माणसे ‘त्या वाटेने जाऊ नका, ओढ्याला पूर आला आहे’ असे म्हणून आपापल्या वाटेस लागतात, त्याहून ह्यात निराळे काही नाही.

परिणाम मात्र ठळक झाला. न बोलणारा जमाव प्रत्येक बंद वाट पुन्हा पुन्हा धुंडाळीत राही. बोलणारा जमाव त्यामानाने लवकर बाहेर पडे. एकाने खाल्लेली ठेच दुसऱ्यास पुन्हा खावी लागत नसे. आणखीही एक गोष्ट त्यांनी केली. काही पात्रांस आधीच सबंध घराची माहिती दिली व धीर दिला. हे शिकविलेले पुढारी. काही जणांस माहिती नसे पण धीर असे. ते स्वतः वाट शोधीत व इतरांसही मदत करीत. बाकीचे अनुयायी; संकटात त्यांना स्वतःचे काही सुचत नसे, ते कोणाच्या तरी मागे लागत. तेव्हा असे दिसून आले की, शिकविलेले पुढारी थोडेच असले तरी काम भागते. ते वाढवीत नेले तर आरंभी फायदा भराभर वाढतो. पुढे आणखी पुढारी घालून फारसे काही साधत नाही. सभासंमेलनांचा अनुभव असलेल्या वाचकांस ह्यात नवल वाटणार नाही!

संकटात माणसे खरोखरच एकमेकांस सांगतात काय, की जो तो आपला जीव घेऊन पळतो, अशी शंका येथे कोणीही घेईल. तिचे उत्तर यंत्राबाहेरच्या अभ्यासकांनी दिले आहे. जोनाथन साइम ह्या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९८० नंतरच्या दशकात आगीतून सुटलेल्या माणसांचे जबाब अभ्यासले; माणसे जवळच्या दाराकडे धावण्याऐवजी आपल्या माणसांकडे आणि ओळखीच्या वाटेकडे जातात, असे त्यास आढळले. जॉन ड्रूरी व त्याचे सहकारी ह्यांनी लंडनच्या २००५ च्या बाँबस्फोटांतून वाचलेल्यांचे अनुभव गोळा केले. अंधाऱ्या भुयारात परक्या माणसांनी एकमेकांस धीर दिल्याचे, पाणी दिल्याचे, रांगेने बाहेर पडल्याचे दाखले त्यांस मिळाले. ल बाँचा उतावळा, भाबडा पशू तेथे सापडला नाही.

फिलाडेल्फियाच्या पात्रांत मात्र एक गुण असा होता की जो मनुष्यात नसतो: ती नेहमी खरे बोलत व नेहमी बरोबर ऐकत. खऱ्या गर्दीत तसे होत नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी मुंबईस परळ व एल्फिन्स्टन रोड ही स्टेशने जोडणाऱ्या पादचारी पुलावर २३ माणसे चेंगरून मृत्यू पावली. (एल्फिन्स्टन रोडचे नाव पुढील वर्षी प्रभादेवी झाले.) पाऊस आला होता, माणसे जिन्यावर आडोशास थांबली होती, लोकलगाड्यांतून नवी माणसे येत होती. एका जखमी मुलीने चौकशीत सांगितल्याचे त्या वेळी वर्तमानपत्रांत आले, ते असे: कोणाची तरी फुले पडली, तो ‘फूल गिर गया’ असे ओरडला, आणि लोकांनी ‘पूल गिर गया’ असे ऐकले. रेल्वेच्या चौकशीने मुख्य दोष अचानक आलेल्या पावसास व त्यामुळे झालेल्या गर्दीस दिला. त्या दिवशी काहीही झालेले असो, एका अक्षराच्या फरकाने निरोपाचा अर्थ फिरू शकतो, आणि फिरलेला निरोप खऱ्या निरोपाच्याच वेगाने जातो, हे गणितात धरल्यावाचून आभासी जमाव खरा होणार नाही.

तसा एक प्रयत्न हॉलंडात झाला. ॲमस्टरडॅमच्या डाम चौकात ४ मे २०१० रोजी रात्री आठ वाजता महायुद्धातील मृतांच्या स्मरणार्थ हजारो लोक दोन मिनिटे स्तब्ध उभे होते. त्या निःशब्द शांततेत एक मनुष्य एकाएकी किंचाळला. क्षणात जमाव फुटला, लोक वाटेल तिकडे धावले, साठांहून अधिक जखमी झाले. तेथील संशोधकांनी त्या चौकाच्या चित्रणावरून माणसांच्या पळण्याच्या रेषा काढल्या आणि आभासी पात्रांशी ताडून पाहिल्या. ह्या पात्रांत केवळ माहितीच नव्हे, तर भीती, समजूत व इरादा ही देखील एकाकडून दुसऱ्याकडे लागण लागावी तशी जात असत. लागणीची ही तरतूद ठेवली असता पात्रांच्या रेषा खऱ्या रेषांशी अधिक जुळल्या; काढून टाकली असता कमी जुळल्या.

महाराष्ट्रात ह्या विद्येचा व्यवहारात थोडाफार उपयोग पाहावयास मिळाला तो नाशिकच्या २०१५ च्या सिंहस्थात. मूळचे नाशिकचे व अमेरिकेत प्राध्यापक असलेले रमेश रासकर ह्यांच्या पुढाकाराने २०१४ पासून तेथे तरुणांची शिबिरे भरली. त्यांतून जी साधने निघाली त्यांत पावले मोजणारी एक चटई होती. वाटेवर ती पसरावयाची. तिच्यावरून किती माणसे गेली हे दाबावरून कळते व तो आकडा देखरेख करणाऱ्यांकडे जातो. जमावाने तोंड न उघडता पायांनी दिलेला हा निरोप. तो वरच्यांकडे जातो हे ठीक. परंतु तेथून मागे उभ्या असलेल्या बाईकडे तो परत कसा आणावा, ही अडचण चटईने सुटत नाही. ध्वनिक्षेपक आहे, पण गलबल्यात त्यावरचे शब्द विरून जातात, आणि हरवलेल्या मुलांची नावे ऐकून ऐकून लोकांचे कान त्याकडे बंद झालेले असतात.

ह्या ठिकाणी एका जुन्या व्यवस्थेकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. ती संगणकाच्या कित्येक पिढ्या आधीची आहे. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आषाढीस पंढरपूरला जाताना धाराशिव व तुळजापूर ह्याच मार्गाने जाते; शेकडो माणसे ओळी धरून, पताका घेऊन, टाळांच्या ठेक्यावर चालतात. आळंदीच्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात तर लक्षावधी माणसे असतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर ह्यांनी ह्या सोहळ्यास जे वळण लावले ते आजही टिकून आहे. जमाव दिंड्यांत विभागलेला असतो. रथापुढील २७ दिंड्या व मागील अनेक दिंड्या, प्रत्येकीस क्रमांक व ठरलेली जागा. दिंडीत पताकावाले पुढे, मग टाळकरी, मृदंगी, त्यांच्यामध्ये वीणेकरी, मागे तुळस घेतलेल्या स्त्रिया. कोणाही वारकऱ्यास लाखो माणसांकडे लक्ष ठेवावे लागत नाही. आपला वीणेकरी दिसला म्हणजे पुरे. वीणेकऱ्याने आपल्या पुढची दिंडी पाहावी. आणि सर्वांवर चोपदार. थोडे शिकविलेले पुढारी व पुष्कळ अनुयायी, हे फिलाडेल्फियाच्या यंत्रातील प्रमाण येथे पूर्वीच साधलेले आहे. तुळजापूरच्या यात्रेत अशी बांधणी नाही. तेथे माणसे कुटुंबाकुटुंबांनी, मंडळामंडळांनी येतात व पायऱ्यांवर सारी सरमिसळ होते. नवरात्राच्या आधी गावोगावचे तरुण तुळजापुरी भवानीज्योत पेटवून घेतात व एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती देत पळत पळत आपल्या गावी नेतात. निरोप हातोहात नेण्याची सवय त्याच माणसांना रस्त्यावर आहे. पायऱ्यांवर उतरताना त्यांना कोणी तशी जागा नेमून दिलेली नसते.

वारीतील निरोपाची रीत विशेष पाहण्यासारखी आहे ती रात्रीच्या मुक्कामी, समाज आरतीच्या वेळी. पालखी तळावर येते, दिंड्या भोवती गोल उभ्या राहतात, हजारो टाळ एकसारखे वाजत असतात. चोपदार आपला चोप उंच करतो. टाळ थांबतात, एवढा मोठा तळ निःशब्द होतो. मग हरवलेल्या व सापडलेल्या वस्तूंची माहिती पुकारली जाते, दुसऱ्या दिवशी केव्हा निघावयाचे ते सांगितले जाते. येथे निरोप वरून खाली, पुढून मागे गेला. परंतु एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तिला वाटेत अडथळा झाला असेल, तिची जागा कोणी घेतली असेल, तर ती दिंडी चोप वर झाला तरी टाळ थांबवीत नाही. सगळीकडे शांतता, आणि एका कोपऱ्यातून टाळांचा आवाज. तो आवाज सर्वांस ऐकू येतो, कारण बाकीचे सारे गप्प आहेत. चोपदार त्या दिंडीकडे चालत जातो, काय म्हणणे आहे ते ऐकून घेतो, आणि त्याचा निवाडा होऊन तेथील टाळ थांबले म्हणजेच आरती सुरू होते.